शकुमावशींची स्पेशल एडिशन

शकुमावशींच्या घरी चहा प्यायचा असेल तर आधी हात धुवावे लागतात. नुसते धुऊन भागत नाही. पंख्याखाली बोटं पसरून ती वाळवून दाखवावी लागतात. मावशी कपाळावरचा चष्मा खाली ओढतात, बोटांची टोकं तपासतात आणि मग म्हणतात, "हं, बस आता." एवढं करून डिस्कला हात लावायला मिळतो का, तर नाही. डिस्क त्याच काढतात, त्याच लावतात, त्याच पुसतात. आपण त्या खोलीत बसायच्या लायकीचे झालो, एवढाच त्या हात धुण्याचा अर्थ.

मावशी म्हणजे शकुंतला रामटेके. मानेवाड्यातल्या आमच्या सोसायटीत त्या तळमजल्यावर राहतात आणि मी त्यांच्या डोक्यावर. वय सत्तरीला टेकलेलं, घट्ट अंबाडा, कडक इस्त्रीची सुती साडी. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून झाली. लग्न केलं नाही. आणि त्या हिप-हॉप गाण्यांच्या व्हिडिओंच्या डीव्हीडी जमवतात.

हे मी माझ्या सासूबाईंना पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा त्यांना तो कमरेचा व्यायाम वाटला. "बरंच आहे," त्या म्हणाल्या, "या वयात हिप जपायलाच पाहिजे." मी त्यांना खाली घेऊन गेले. पडद्यावर सोन्याच्या जाड साखळ्या घातलेली माणसं मोटारीच्या टपावर चढून कॅमेऱ्याला बोटं दाखवत होती, आणि समोर शकुमावशी मेथी निवडत बसल्या होत्या. सासूबाईंनी पाच मिनिटं पाहिलं. मग त्याही मेथी निवडायला बसल्या.

सुरुवात भाच्यापासून झाली. भावाचा मुलगा मावशींकडे राहून इंजिनिअरिंग शिकला. त्याला या गाण्यांचं वेड होतं. पुढे नोकरी लागली, तो कॅनडाला गेला आणि पलंगाखाली डिस्कांचं एक खोकं ठेवून गेला. फोनवर म्हणाला, "आत्या, देऊन टाक कबाड्याले. आता सगळं मोबाइलवर दिसते." मावशींना न बघता काही फेकवत नाही. घरातली रद्दीसुद्धा त्या एकदा वाचून मगच देतात. तेव्हा फेकण्याआधी काय आहे ते बघावं म्हणून त्यांनी पहिली डिस्क लावली. खोकं अजून फेकलेलं नाही. उलट त्याच्या शेजारी गोदरेजचं एक अख्खं कपाट भरलं आहे.

या गाण्यांत शिव्या फार, असं मी एकदा भीत भीत म्हणाले. मावशींना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

"कायच्या शिव्या वं? ट्रंक कॉल नाई लागला का लोकं मले याच्याहून चांगल्या देत."

जमवताना त्यांचा एकच नियम: साधी एडिशन घ्यायची नाही. साध्या डिस्कवर नुसती गाणी असतात. स्पेशल एडिशनमध्ये पुठ्ठ्याचं वेगळं वेष्टन, आत चित्रांचं पुस्तक, शिवाय शूटिंग कसं झालं त्याची फिल्म, कापून टाकलेले तुकडे, काय काय असतं. हा सगळा ऐवज म्हणजे बोनस. हळूहळू मावशींनी सगळं जगच या दोन कप्प्यांत घातलं. नुसते पोहे म्हणजे साधी एडिशन, वर तर्री घातली की स्पेशल. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे "कव्हर भारी, आत डिस्कच नाई." माझ्या नवऱ्याला त्यांनी बरीच वर्षं निरखलं आणि एक दिवस निकाल दिला, "साधी एडिशन आहे. पण ओरखडे नाईत." मी हे घरी सांगितलं. नवरा दोन दिवस खुशीत होता.

डिस्क पुसायची तर मधून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल पुसणारा माणूस त्यांच्या नजरेतून कायमचा उतरतो. पुसायला मऊ झालेल्या जुन्या मलमलचा तुकडा. तो तुकडा स्वयंपाकघरात चुकून वापरला म्हणून त्यांनी एकदा स्वतःशीच दिवसभर अबोला धरला होता, असं त्या स्वतःच सांगतात.

पण या सगळ्या बोनसमध्ये त्यांचा जीव कॉमेंटरीवर. मला हा प्रकार माहीत नव्हता. व्हिडिओ चालू असताना गाण्याचा आवाज बारीक होतो आणि व्हिडिओ ज्यांनी बनवला ती माणसं त्यावर गप्पा मारतात. इथे थंडी होती, ही मोटार उसनी होती, त्या दिवशी पोलीस आले होते, असं. मावशी गाणी एकदा ऐकतात, कॉमेंटरी पुन्हा पुन्हा. त्यातही एक डिस्क खास लाडकी. तिघा मित्रांनी आपल्याच गल्लीत पहिले व्हिडिओ काढले होते. एक गाणारा, एक कॅमेरावाला आणि तिसरा नुसताच मित्र. त्याची मोटार होती म्हणून त्याला घेतलं होतं. हा तिसरा जाडा आहे, व्हिडिओत मागे उभा राहून चुकीच्या ठेक्यावर डुलतो, आणि कॉमेंटरीभर काहीतरी कुरकुरीत खात असतो. त्या चावण्याचा आवाज स्वच्छ ऐकू येतो. मावशींनी त्याचं नाव बबन ठेवलं आहे.

"काहून बबन?" मी विचारलं.

"दिसत नाई का तुले? बबनच आहे तो."

मी नीट पाहिलं. बबनच होता.

तर या बबनच्या डिस्कची एक दुसरी, नंतर निघालेली एडिशन होती आणि ती मावशींना कुठेच मिळत नव्हती. इतवारीतल्या भंगारवाल्यांनी मान हलवली होती. बंद पडलेल्या व्हिडिओ लायब्रऱ्यांच्या मालकांना त्यांनी फोन करून करून हैराण केलं होतं. मग गेल्या फेब्रुवारीत एका सकाळी त्या जिना चढून वर आल्या. गुडघे दुखतात म्हणून त्या कधी वर येत नाहीत, म्हणून मी घाबरलेच. त्यांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. मौद्याच्या एका इंजिनिअरची बदली झाली होती आणि जुन्या डीव्हीडी फुकट न्या, अशी त्याची जाहिरात होती. सोबत एका खोक्याचा धुरकट फोटो.

"हे पाय. कोपऱ्यात. हिरवी कड दिसते का?"

मला फक्त धूर दिसत होता.

"पण मावशी, तेच व्हिडिओ तुमच्याकडे आहेत ना?"

"व्हिडिओ तेच. पण कॉमेंटरीले पुन्हा बसले ते लोकं. बम वर्षांनी, म्हातारपणी." एवढं बोलून त्यांनी तो फोटो पुन्हा एकदा पाहिला. मग म्हणाल्या, "गाडी काढ वं."

मी रजा टाकली आणि स्कूटर काढली. मावशी मागे एका बाजूनं बसल्या, डोक्याला ओढणी गुंडाळून, मांडीवर रिकामी पिशवी आणि पिशवीत मलमलचा तुकडा. भंडारा रोडवर ट्रकांच्या वाऱ्यानं स्कूटर हलायची आणि मागून सूचना यायची, "हळू. येताना तं याच्याहून हळू जा लागते."

इंजिनिअर उत्तरेकडचा पोरगेला माणूस होता, मिश्रा नावाचा. घरभर सामानाची बांधाबांध चाललेली. मदतीला गावाहून त्याची आई आली होती, ती पलंगावर बसून भांडी कागदात गुंडाळत होती. खोकं पुढ्यात आलं. मावशींनी एकेक डबी उघडायला सुरुवात केली. हिरव्या कडेचं वेष्टन निघालं, पण आत डबीच नव्हती. मावशींचा चेहरा पडला. मिश्रा ओशाळून म्हणाला, "आंटी, डिस्क कहीं इधर-उधर हो गई होगी."

मावशी हार मानणाऱ्यांपैकी नाहीत. त्यांनी खोकं तळापर्यंत उपसलं. तळाशी भजनांची एक डबी होती, वर कृष्णाचं चित्र. ती उघडून त्यांनी आत पाहिलं आणि पटकन मिटली. त्यांनी मिश्राकडे पाहिलं. मिश्रानं त्यांच्याकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता. मला काही कळेना.

तेवढ्यात पलंगावरून आई म्हणाली, "अरे, ये तो मेरे भजन हैं! कब से ढूँढ रही हूँ. ये नहीं देना है, बहनजी."

आता मला कळलं. पोरानं आईच्या नजरेपासून वाचवायला ती डिस्क भजनांच्या डबीत लपवली होती, आणि भजनांची डिस्क हरवून बसला होता. आईनं हात पुढे केला. मावशींनी डबी छातीशी धरली. इतकी वर्षं शोधलेली वस्तू हातात होती, आणि ती का हवी हे सांगायचं तर पोराचं बिंग फुटत होतं. बबन एका बाजूला, मिश्रा एका बाजूला.

मावशींचा आवाज एकदम बदलला. गोड, संथ, हिंदीत. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता, एक्स्चेंजमधला असणार.

"अम्माजी, इसमें खरोंच आ गई है. लगाओगी तो आधे भजन में अटकेगी. आधा भजन सुनना ठीक नहीं. मैं इसको साफ करने को ले जाती हूँ, और आपके लिए नई भेजती हूँ. पक्का."

आईला अर्धं भजन ही कल्पना सहन झाली नाही. तिनं हात मागे घेतला. वर आम्हाला बेसनाचे लाडूही दिले. मिश्रा आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आला. हळूच म्हणाला, "आंटी, आप सच में ये सुनती हैं?"

"हाव. अन् तुम अपनी माँ को फोन किया करो," मावशी म्हणाल्या आणि स्कूटरवर बसल्या.

भजनांची नवी डिस्क त्यांनी त्याच आठवड्यात शोधली, मला इतवारीत तीन गल्ल्या फिरवून, आणि कुरिअरनं पाठवली. त्यातही स्पेशल एडिशन. दोन डिस्कांची, आरतीच्या पुस्तकासकट.

पण ते नंतर. मौद्याहून आलो त्या संध्याकाळी त्यांनी मला घरी जाऊच दिलं नाही. हात धुवायला लावले. स्वतःही धुतले. हिरव्या कडेच्या वेष्टनात डिस्क परत तिच्या जागी गेली, तिथून निघाली, मधून कडेकडे पुसली गेली आणि आत सरकली. मावशींनी दोन खुर्च्या लावल्या, आणि पडद्यावर तीच ती गल्ली आली.

आवाज तेच होते, पण वयस्क झालेले. गाणारा खोकत होता. कॅमेरावाला हळू बोलत होता. ते जुन्या घरांची नावं घेत होते, कोण कुठे राहायचं ते सांगत होते. मी बराच वेळ कुरकुरीत चावण्याची वाट पाहत होते.

मग व्हिडिओत ती मोटार आली. मागे जाडा बबन डुलत होता. आणि दोघांचंही बोलणं थांबलं. गाणं तेवढं खालच्या आवाजात चालू होतं. मला वाटलं, डिस्क अडकली. मी रिमोटकडे हात नेला, तर मावशींनी तो धरला.

"राहू दे. खराब नाई झाली. पहिल्या डिस्कमध्ये इथं बबन बोलत होता."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"गेला तो," मावशी म्हणाल्या. "या दोघायनं त्याची जागा रिकामी ठेवली आहे. मले माहीत होतं, मोबाइलवर वाचलं होतं. म्हणूनच पाह्यची होती. पण एकटीनं नव्हती पाह्यची."

बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू केली, ती दूर गेली. पडद्यावर मोटार ढकलत नेत होते.

"काय म्हणायचा तो इथं?" मी विचारलं.

मावशी जराशा सावरून बसल्या. पडद्याकडे बघतच त्यांनी त्याचं वाक्य म्हटलं, आधी इंग्रजीत, त्याच्याच ठेक्यात, मग माझ्यासाठी आपल्या भाषेत. "तो म्हणते, पोट्टेहो, गाडी माही, पेट्रोल माहं, अन् ढकलायले बी मीच. तं मंग हिरो मी काहून नाई?"

त्यांचं वाक्य संपलं, आणि आतून ते दोघं म्हातारे एकदम हसले. बराच वेळ हसत राहिले. मग एकानं नाक ओढलं.

"आठवलं वाटते त्याईले," मावशी म्हणाल्या, आणि माझा हात त्यांनी सोडला नाही.