दुर्गमसेनाच्या गुहेंतील निरोपाची हकीकत

श्रीगजाननाचें स्मरण करून, आणि जिला जुनें-नवें सारखेंच त्या काळदेवतेस दुरूनच हात जोडून, शके १९४८ पराभवनाम संवत्सरीं ही हकीकत लिहिली. संवत्सराचें नांवच ऐसें, तेव्हां थोर विजयाची अपेक्षा वाचणारांनीं धरूं नये.

कोणे एके राज्यीं थोरले महाराज गादीवर असतां पडद्यावर एक खेळ आला. नायक रणशूर दुर्गमसेन, मिशा कानापावेतों, गुहेंत शिरून तिमिरासुर राक्षसास मारतो आणि निघतेसमयीं म्हाताऱ्या दाईच्या पायां पडतो, ऐसी कथा. प्रजा खुळावली. मग थोरल्या महाराजांनीं शहराबाहेर विलासबाग करविली, बागेंत गुहा खोदविली, गुहेंत पाणी सोडविलें आणि चावीच्या बाहुल्या मांडून लोकांस होडींत बसवून कथेमधून फिरवून आणावें ऐसी तजवीज केली, आणि गुहेची दरोगी, म्हणजे सारी देखरेख, सुभानराव घारे यांस दिली. पुढें एक रिवाज आपोआप पडला. बाहेर पडावयाच्या वळणावर दाईची बाहुली हात उचलून ‘या, सावकाश या’ म्हणे, आणि होडींतील समस्त लोक एका सुरांत ‘येतो’ म्हणत, आणि मगच उजेडांत येत. निघतांना ‘जातो’ म्हणूं नये ही ज्याच्या त्याच्या घरची शिकवण, ती गुहेंतही लागू जाहली. बाहुलीस उत्तर द्या ऐसा हुकूम कोणीही केला नव्हता.

मग थोरले महाराज कैलासवासी जाहले आणि धाकटे महाराज गादीवर बसले, आणि पडद्यावरील मंडळींनीं तोच खेळ पुन्हां मुळापासून केला, आणि मिशा आंखूड केल्या. सुभानरावांनीं गुहेंतील डोकें बदलिलें. मग पुन्हां केला आणि घोडा काळ्याचा पांढरा केला. सुभानरावांनीं घोडा रंगविला. गुहेच्या ओलीनें त्यांचे गुडघे धरले होते. कुटुंब चिमाबाई कंटाळून गांवीं जाऊन राहिली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर निरोप धाडी कीं, ‘घरी कधी येताय?’ आणि सुभानराव उलट निरोप धाडीत कीं, ‘एवढं डोकं बदललं की येतो.’ ऐसीं किती डोकीं बदलिलीं त्याचा हिशेब त्यांणींही सोडिला होता. मग खेळ तिसऱ्यानें नवा जाहला. या खेपेस नायक तुळतुळीत, राक्षस बाळपणीं दुखावलेला म्हणून रडणारा, दाई कथेंतून समूळ गाळलेली, आणि नायक शेवटीं पाठ फिरवून ‘जातो’ म्हणतो आणि खरोखरच जातो.

तेव्हां गुहा बदलावी कीं न बदलावी यावर दरबार भरला. नवलोजी चिटणीस उठोन बोलिले, ‘महाराज, पोरं नवा खेळ पाहून येतात आणि गुहेत आल्यावर विचारतात, हा मिशाळ काका कोण? ऐकून लाज वाटते.’ त्यावर विसाजीपंत फडणीस तांबडेलाल जाहले आणि बोलिले, ‘माझ्या बापानं मला जे दाखवलं ते मी नातवाला दाखवायचं नाही? देवघरातले देव काय दर वर्षी बदलता?’ चिटणीस बोलिले, ‘बदलत नाही, पण शेंदूर तरी लावता ना!’ ऐसें दोहीं अंगीं तोंड सुटलें, आणि दिवस कलला, आणि महाराज जांभई गिळून सुभानरावांस पुसते जाहले कीं, ‘दरोगे, तुमचं काय म्हणणं?’ सुभानराव खांबास टेकून उभे होते. ते बोलिले, ‘महाराज, पहिल्यांदा येतो त्याला सगळंच नवं. दुसऱ्यांदा येतो तो मागच्या वेळचं शोधतो. दोघं एकाच होडीत बसतात, मी कुणाच्या बाजूनं बोलू? बदलायचं तर पुरतं बदला, नाही तर हात लावू नका. आणि मला घरी जाऊ द्या.’ महाराज हांसले आणि बोलिले, ‘एवढं काम उरका, मग रजा दिली.’

परंतु दरबारास पुरतें कांहीं करवत नाहीं. दोन्ही पक्षांचें मन राखावें म्हणून अर्धी गुहा जुनी आणि अर्धी नवी ऐसा निवाडा जाहला. सुभानरावांनीं कपाळास हात लाविला आणि कामास लागले. आरंभीं मिशांचा दुर्गमसेन, शेवटीं बिनमिशांचा. बाहेर येऊन लोक पुसत कीं, ‘मधल्या पाण्यात मिशा वाहून गेल्या काय?’ दाईस काढून तिचीं चक्रें राक्षसाच्या रडण्यास लाविलीं, आणि तो ऐसा रडे कीं होडींतील लेंकरेंही रडत. आणि शेवटच्या वळणावर नायक ‘जातो’ म्हणे, त्यावर कोणास कांहींच म्हणतां न ये. लोक होडी थांबली तरी उतरत ना, कशाची तरी वाट पाहत बसत, आणि मागें होड्या तुंबत.

ही बोंब हुजुरांत गेली. मग महाराज स्वतः होडींत बसले. लहानपणीं तीर्थरूपांच्या मांडीवर बसोन याच पाण्यांतून फिरले होते. वळण आलें, नायक ‘जातो’ म्हणाला, आणि महाराजांचे तोंडून संवयीनें ‘येतो’ निघून गेलें. अंधारांतून कांहीं आलें नाहीं. दाईच्या रिकाम्या कोनाड्यांत सुभानराव नायकाच्या बाहुलीचें चाक पाहत बसले होते. जन्मभर जें ऐकिलें तें ओठांवर आलें, आणि आवरेपावेतों बोलून गेले, ‘या, सावकाश या.’ महाराजांचे डोळे भरले. सुभानरावांनीं जीभ चाविली, पण उशीर जाहला होता. बाहेर येतांच आज्ञा सुटली कीं हा आवाज गुहेंतून हलूं नये. ‘आणि रजा, महाराज?’ ‘नवी बाहुली झाली की.’ पडद्यावरील मंडळी म्हणाली, आमचे कथेंत दाईच नाहीं, बाहुली कशी करूं द्यावी? तेव्हां नऊवारी लुगडें नेसोन, तागाच्या केसांचा टोप घालून सुभानराव कोनाड्यांत बसूं लागले, आणि प्रत्येक होडीस ‘या, सावकाश या’ म्हणूं लागले, आणि स्वतः मात्र कोठेंच जाईनात. मनांतून फार खचले.

पुढें आंबे उतरले, तेव्हां चिमाबाई आपण होऊन शहरास आली. कोणास न पुसतां होडींत बसली, मिशा पाहिल्या, बिनमिशा पाहिल्या, राक्षसास ‘उगी रे’ म्हणाली. वळणावर सुभानराव हात उचलून म्हणाले, ‘या, सावकाश या.’ सगळे म्हणाले, ‘येतो.’ चिमाबाईनें आवाज ओळखिला आणि होडीची कड धरून उभी राहिली आणि बोलिली, ‘येते कसली? इतकी वर्षं येतो-येतो ऐकते आहे. बसा होडीत. आणि ते लुगडं नीट आवरा, भिजेल.’ सुभानरावांनीं दरबाराचा विचार केला, गुडघ्यांचा केला, आणि कोनाड्यांतून उतरून तिचे शेजारीं बसले. टोप काढावयाचेंही भान राहिलें नाहीं. उजेडांत लोक उठोन उभे राहिले, आणि हे उभयतां तैसेच बागेच्या दरवाज्यांतून गांवच्या वाटेस लागले.

महाराजांस खबर कळली. शोधास स्वार निघत होते, त्यांस महाराजांनींच माघारें बोलाविलें. कोनाडा रिकामा राहिला. परंतु लोकांनीं संवय टाकिली नाहीं. पुढली होडी अंधारांत ‘येतो’ म्हणे, आणि मागल्या होडींतून, ओळख ना देख, कोणी तरी ‘या, सावकाश या’ म्हणे.

सारांश, मिशा गेल्या, दाई गेली, दरोगाही गेला. नवा खेळ पुन्हां होणार ऐसें ऐकितों, होवो बापडा. शेवटल्या होडीस मात्र मागें कोणी नसतें. ती ‘येतो’ म्हणते, अंमळ थांबते, आणि तैसीच बाहेर येते. येणेंप्रमाणें जें घडलें तें लिहिलें, हात दुखला, पुरे.