तळटीपवाले गांगुर्डे सर

मी तापानं फणफणलो होतो आणि या माणसानं माझा रजेचा अर्ज हिरव्या शाईत 'कोण म्हणतं?' असं लिहून परत पाठवला! अहो, मी म्हणतो! अंग माझं, ताप माझा! शेवटी अर्जाखाली 'थर्मामीटर, घरचा, आज सकाळी' अशी तळटीप दिली, तेव्हा कुठे गांगुर्डे सरांनी तो पुढे सरकवला.

नव्वदीच्या दशकात नाशिकच्या एका कॉलेजात आम्ही दोघं अर्थशास्त्र शिकवायचो. ते सीनियर, म्हणजे माझ्या डोक्यावर. पहिल्या वर्षाच्या पोरांना प्रकल्प लिहावा लागे, आणि कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे तयार प्रकल्प मिळत. नाव बदललं की झालं. आम्ही सगळे डोळे मिटून मार्क द्यायचो, खोटं कशाला सांगू? सर मात्र ओळन्‌ओळ वाचायचे. एकदा लासलगावच्या एका पोरानं द्राक्षांचा प्रकल्प आणून जागोजागी 'कांदा' घातला. कांद्याचे घड वेलीवर लोंबायला लागले! "अरे गाढवा, घरी ट्रॅक्टरभर कांदा असतो तुझ्या! वेलीवर कधी पाहिलास?" सर एवढे ओरडले की शेजारचा माझा तास बंद पडला.

मग नवीन फर्मान. घरी विचारा, स्वतः लिहा, आणि ज्यानं सांगितलं त्याचं नाव खाली टाका.

पेठ तालुक्यातल्या सुरेखानं ते फारच मनावर घेतलं. नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, शेतीवर वीस पानं लिहिली, आणि जवळजवळ प्रत्येक पानाखाली एकच तळटीप: 'माझी आई.' आमचे विभागप्रमुख भडकले. "आई हा काय संदर्भ झाला? नापास करा!" नापास झाली की तिचं कॉलेज संपलं, घरून तशी ताकीदच होती. मला राग आला, पण मी गप्प बसलो. त्याचा राग अजून येतो.

सर गप्प बसले नाहीत. रविवारी मला एसटीत कोंबून पेठला नेलं. का, तर संदर्भ तपासायला! माझी सुट्टी गेली ती गेलीच, वर चढण चढून पायांचे तुकडे पडले. आम्हाला बघून सुरेखाची आई घाबरली. "काय केलं पोरीनं? लय चुकली का?"

"नाही हो, ताई. तुम्ही सांगितलेलं नीट लिहिलंय का, एवढंच बघायचंय."

सरांनी ओट्यावर बसून वीसच्या वीस पानं वाचून दाखवली. बाई मान डोलवत होत्या. पेरणीआधी पालापाचोळा जाळून जमीन भाजतात, त्या राबाच्या पानापाशी मात्र एकदम हात वर केला. "हे कोणी सांगितलं? वारा येतो तिकडनं नाय पेटवायचा. जाळ नुसता पळत जातो, माती भाजतच नाय. उलट्या अंगानं पेटवायचा."

दारात उभी असलेली सुरेखा खाली मान घालून म्हणाली, "सर, तेवढं एक लायब्ररीच्या पुस्तकातून घेतलं."

सर उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी ती दुरुस्ती त्यांनी प्रमुखांच्या टेबलावर आपटली. "आता पुस्तकाला नापास करा, नाहीतर पोरीला पास करा!" तासभर भांडले. सुरेखा पास झाली.

मी वैतागून विचारलं, "सर, एवढा जिवाचा आटापिटा कशासाठी?"

ते चष्मा पुसत राहिले. "माझा प्रबंध कांद्याच्या साठवणीवर. कांदाचाळ कशी बांधायची, कांदा सडायला लागला की वास कसा ओळखायचा, सगळं अण्णांनी, माझ्या वडिलांनी, सांगितलेलं. चांदवडला शेती होती आमची. पण गाईड म्हणाले, छापील संदर्भ द्या. मी दिले. सात पानं भरून पुस्तकांची नावं."

"मग?"

"प्रबंध घरी नेला. वडिलांना वाचता येत नव्हतं. म्हणाले, माझं नाव कुठंय रे यात? मी त्या यादीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. म्हटलं, हे काय, इथं."

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"गावात कुणीही घरी आलं, की अण्णा प्रबंध काढून ती ओळ दाखवायचे. वाचता येणाऱ्यांनासुद्धा. पण एकानंही त्यांना सांगितलं नाही."