बी काढून खावी

आरोग्य सल्ला खात्याच्या मुद्रण शाखेत एक मुद्रितशोधक होता. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या हातून एकही वेलांटी चुकलेली नव्हती. हे तो स्वतःहून कुणाला सांगत नसे. दुसऱ्याने सांगेपर्यंत विषय बदलू देत नसे, एवढंच. निवृत्तीला चार महिने उरले होते. निवृत्तीच्या दिवशी त्याला 'निर्दोष सेवा' असं कोरलेली पितळी पाटी मिळायची होती. पाटीवरचा मजकूर त्यानेच तपासून दिला होता.

अशात खात्याने 'फळे कशी खावीत' हे पत्रक काढायचं ठरवलं. सफरचंद धुऊन खावे, केळे सोलून खावे, असा तो मजकूर. लोकांना या गोष्टी ठाऊक असतात, पण खात्याने सांगितल्याशिवाय त्या अधिकृत होत नाहीत. अडलं ते एकाच फळापाशी. 'ॲव्होकाडो' हा शब्द कसा लिहावा, यावर भाषा शाखेकडून तीन वेगवेगळी उत्तरं आली आणि तिन्हींखाली सही एकाच माणसाची. मुद्रितशोधक सबंध दिवस त्या नावाशी झटापट करत बसला. नाव अखेर निर्दोष छापलं गेलं. त्या नादात ओळीच्या शेवटाकडे त्याचं लक्षच गेलं नाही. मूळ मजकूर होता, 'मधोमध कापून, बी काढून खावे.' छापून आलं, 'मधोमध कापून, बी काढून खावी.'

एका मात्रेच्या जागी एक वेलांटी. तेवढ्यानं फळ राहिलं बाजूला आणि खायची ठरली बी.

चूक त्याच्या लक्षात आली तेव्हा पत्रकाच्या दोन लाख प्रती वाटून झाल्या होत्या. मग त्याने स्वतःला समजावलं, खात्याची पत्रकं वाचतंय कोण? एकतीस वर्षांत एकाही माणसाने वाचलेलं त्याला आठवत नव्हतं. तो निवांत घरी आला, तर स्वयंपाकघरातून ठोकाठोकी ऐकू येत होती.

आई ओट्यापाशी उभी होती. वय एक्याऐंशी, जन्मभर शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवलेलं. पुढ्यात फडक्यात गुंडाळलेली ॲव्होकाडोची बी, मोठ्या लिंबाएवढी, लाकडासारखी कडक. आई तिच्यावर हातोडी घालत होती. फडक्याला विटकरी डाग पडले होते.

"आई, हे काय चाललंय?"

"बी. काढली, आता खायची."

"अगं, ती खायची नसते!"

"पत्रकात आहे की." आईने हातोडी खाली ठेवली आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. "तू तपासलंयस ना ते?"

आता खरं सांगायला किती वेळ लागतो? पण त्याच्या डोळ्यांपुढे ती पितळी पाटी आली.

"हो," तो म्हणाला. "तपासलंय."

"मग झालं तर," आई म्हणाली आणि तिने हातोडी उचलली.

महिनाभरात खात्याकडे आभाराची चारशे बारा पत्रं आली. बी किसून, वाळवून, दळून लोक खात होते. किसण्यांचे दात गेले, मिक्सरची पाती गेली, दोघातिघांच्या दाढाही गेल्या, पण तक्रार एकानेही केली नाही. इतकी कडू वस्तू औषधी असणारच, याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. संचालक मॅडम पत्रं वाचून भारावून गेल्या. मुद्रितशोधकाने हीच वेळ साधून सांगितलं, "मॅडम, त्या ओळीत थोडी गडबड आहे. बी खायची नाहीये."

मॅडमनी शांतपणे चष्मा काढला. "हे बघा, एक ओळ चुकली असं आपण म्हटलं, तर लोक बाकीच्या ओळी वाचायला लागतील."

"म्हणजे आत्तापर्यंत वाचत नव्हते?"

"आत्तापर्यंत पाळत होते," मॅडम म्हणाल्या.

त्याच दिवशी बीज उपयुक्तता समिती नेमली गेली. बी खावी की खाऊ नये, हा प्रश्न समितीच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आला. का खावी, एवढंच शोधायचं होतं. समितीने खात्यातल्या दोनशे कर्मचाऱ्यांना बी खायला दिली आणि बरं वाटतंय का, असं त्यांच्याच साहेबांकरवी विचारलं. दोनशेच्या दोनशेंना बरं वाटत होतं. अहवालात सतरा फायदे निघाले. सांधेदुखी थांबते, विस्मरण कमी होतं, झोप गाढ लागते, केस गळायचे थांबून नवे उगवतात, भूक आटोक्यात राहते. हा शेवटचा फायदा तेवढा खरा होता, कारण बी पोटात गेल्यावर दुपारपर्यंत माणूस पोट धरून बसायचा. अठरावा फायदा मेजावरचे कागद उडू न देण्याचा होता, पण तो आरोग्याशी संबंधित नाही म्हणून वगळण्यात आला.

मग कँटीनमध्ये बीची वाटी सक्तीची झाली. गराने बीचे गुण मरतात असं कुणीतरी म्हणालं, आणि गर थेट कचऱ्याच्या डब्यात जायला लागला. फळवाले बी विकायचे आणि गर नेतो का म्हणून विचारायचे. मुद्रितशोधक कागदांच्या गोदामात दार लावून, मीठ टाकून, चमच्याने गर खायचा. एकदा तिथे त्याला समितीचे अध्यक्ष भेटले. त्यांच्या हातातही चमचा होता. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला आणि पाठ करून आपापलं खाल्लं.

आजारपणाच्या रजेलाही बी घेतल्याचा दाखला लागायला लागला. दाखला जोडला तर, बी घेणारा आजारी पडूच शकत नाही म्हणून रजा नामंजूर. दाखला नसेल तर, आजार स्वतःच्या हलगर्जीपणाचा म्हणून नामंजूर. त्यामुळे खात्यात कुणीच आजारी नसायचं, आणि वगळलेल्या अठराव्या फायद्याची जागा याने भरली.

इकडे आई मात्र वाळत चालली. रोज सकाळी न चुकता एक चमचा पूड, वर घोटभर पाणी, आणि मग दुपारपर्यंत अंथरुणात कूस बदलत राहायचं. तो बंद कर म्हणाला की ती एवढंच विचारायची, "का? चुकीचं आहे का ते?" की हा विषय बदलायचा. एका सकाळी तिला उठून बसवेना, तेव्हा मात्र तो धावत सुटला. त्याने डॉक्टरांना घरी बोलावलं, दाराबाहेर गाठलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "डॉक्टर, खरं सांगतो. मात्रा चुकली आहे."

"वाटलंच मला. किती देताय?"

"एक चमचा. पण मी ती मात्रा म्हणत नाहीये..."

"एक? एका चमच्यानं काय होणार? दोन करा," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी तसं लिहूनही दिलं.

आता तोंडी बोलण्यात अर्थ नव्हता. त्याने पाटीवर पाणी सोडलं, मन घट्ट केलं आणि शुद्धिपत्रकाचा विहित नमुना भरला. दुरुस्ती एका वाक्यात लिहायची होती. त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'बी काढून खावी: येथे वेलांटी काढून एक मात्रा द्यावी.' खाली सही केली. एकतीस वर्षांत प्रथमच त्याने स्वतःची चूक कागदावर आणली होती. त्याला हलकं वाटलं.

प्रस्ताव प्रसिद्धी शाखेत गेला. 'वेलांटी' हा शब्द वैद्यकीय परिभाषेत सापडेना, म्हणून तो गाळण्यात आला, आणि उरलेलं वाक्य सुटसुटीत करण्यात आलं. प्रस्ताव त्याचाच असल्यामुळे नियमानुसार तपासायला तो त्याच्याकडे आला नाही. आठवड्याने शुद्धिपत्रक घरोघर पोचलं. 'बी: एक मात्रा द्यावी.' आत्तापर्यंत हौशी लोक आपणहून खात होते. आता 'द्यावी' म्हटल्यावर देणाऱ्यांची नेमणूक झाली. सुरुवात अर्थातच पंचाहत्तरीच्या पुढच्यांपासून.

दुसऱ्याच सकाळी दारात परिचारिका उभी. हातात ट्रे, ट्रेमध्ये पेला, पेल्यात विटकरी काढा.

"आजी आहेत ना? मात्रा द्यायची आहे."

तो दार अडवून उभा राहिला. "नाही द्यायची. ती चूक आहे. माझी चूक आहे. मी पाहिलं नाही. लिहून घ्या."

तिने हातातला तक्ता वरून खाली पाहिला. "चुकीचा रकाना नाहीये यात. घेतली आणि आनंदाने घेतली, असे दोनच आहेत."

त्याने पेला उचलला आणि दारासमोरच्या गटारात ओतला. परिचारिकेने 'घेतली' वर खूण केली आणि शेजारचं दार वाजवलं.

तो आत आला, आईच्या उशाशी बसला आणि शाळेतल्या पोरासारखा रडवेला होऊन म्हणाला, "आई, 'खावे' होतं गं. 'खावी' छापलं गेलं. माझ्या नजरेतून सुटलं."

"ठाऊक आहे मला," आई म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. चाळीस वर्षं मी मुलांना काना, मात्रा, वेलांटी शिकवली. मला दिसणार नाही होय? शेजारीण पत्रक घेऊन आली होती, हे बरोबर आहे का म्हणून विचारायला. म्हटलं, माझ्या मुलाने तपासलंय. मग मीच नाही खाल्ली तर लोक काय म्हणतील? तुला दोनदा विचारलं, तीनदा विचारलं. तू हो म्हणालास." ती दम घ्यायला थांबली. "मुलाची चूक आईनं पोटात घालायची असते. मी रोज सकाळी एक चमचा घालत होते."

उठून त्याने एक ॲव्होकाडो मधोमध कापलं, बी खिडकीबाहेर भिरकावली आणि मीठ लावून गर आईला भरवला. चार दिवसांत ती उठून बसली. शेजारीण लगोलग विचारायला आली, "आजींना गुण आला म्हणे. दोन चमचे केले का?"

आता यावर तुम्ही हसाल. अवश्य हसा, किती भोळे लोक म्हणून माना हलवा. पण मघाशी त्या सतरा फायद्यांमध्ये केस गळण्याचं वाचताना तुमचा हात डोक्याकडे गेला होता, तो आधी खाली घ्या.