खोट्या नळाचं खरं पाणी

उद्यान खात्याचे साहेब, चोर तुम्ही आहात. हे मी कुणाच्या कानात कुजबुजत नाहीये, लिहून देतोय. तळ्याकाठच्या बागेत, पंपघराच्या मागच्या भिंतीवरचा माझा नळ तुमच्या खात्याने चोरला. आता तुम्ही म्हणाल, नळ तर तिथेच आहे आणि पाणीही धो धो येतंय. तेच तर! माझ्या नळाला पाणी येत नव्हतं. येऊ नये अशा बेतानेच तो मी जीव ओतून बसवला होता.

वाचकहो, साहेबांना कळायला वेळ लागतो. तोवर तुम्हाला पहिल्यापासून सांगतो.

मी नळवाला. मला कुणी शिकवलं नाही, गळक्या नळांनीच शिकवलं. या गावात असा पाइप नाही ज्याच्या घशात मी हात घातलेला नाही. अपवाद फक्त आमच्या स्वयंपाकघरातल्या नळाचा. तो आई होती तेव्हापासून टपकतोय. लोकांच्या घरची गळती थांबवताना आपल्या घराकडे बघायचं राहूनच जातं.

आई गेली आणि बाबा खुर्चीत बसले ते बसलेच. बाबा शिंपी. जन्मभर लोकांना उभं करून मापं घेतली, आता स्वतः उभे राहायला तयार नाहीत. दिवसभर भिंतीकडे बघत त्या नळाची टपटप ऐकत बसायचे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषध नको, रोज बाहेर न्या, नाहीतर पाय चालणं विसरतील. बायकोने गोड बोलून पाहिलं, मी आवाज चढवून पाहिला. बाबांचं उत्तर एकच: "कशाला?" आणि या "कशाला"ला बसेल असा पाना माझ्या पेटीत नव्हता.

तो भाचीने आणून दिला. तिचा एक खेळ आहे, जिओकॅशिंग. एक डबी बाहेर कुठेतरी लपवायची आणि तिची जागा फोनवरच्या नकाशात टाकायची. मग ओळख ना पाळख अशी माणसं नकाशा घेऊन शोधत येतात. डबी सापडली की आतली एक वस्तू घेतात, आपल्याकडची एक ठेवतात, आणि डबी होती तशी लपवून जातात. यातून मिळतं काय, असं मी विचारलं. ती म्हणाली, काही नाही. बायको म्हणाली, मग हा खेळ तुझ्या मामासाठीच काढलेला आहे.

मी बागेतल्या मोठ्या झाडाच्या मुळाशी एक डबी लपवली आणि बाबांना म्हटलं, मला कामातून सवड नाही, रोज जरा जाऊन ती जागेवर आहे का बघाल का?

"कशाला?"

"चोरीला जाईल म्हणून."

पाना बसला. बाबांच्या दुकानातून जन्मभर लोकांनी कात्री "आत्ता आणून देतो" म्हणून नेली होती. जग चोर आहे यावर त्यांची जेवढी श्रद्धा, तेवढी दुसऱ्या कशावरच नाही. काठी घेतली आणि निघाले.

आणि डबी गेली की हो चोरीला! बाबा तणतणत घरी आले. उंबऱ्यापासून सुरुवात केली ती चोराच्या सात पिढ्या संपवूनच खाली बसले. आई गेल्यापासून त्यांच्या तोंडून एवढी वाक्यं आली नव्हती. बायको हातात उलथनं घेऊन दारात ऐकत उभी होती, डोळे भरलेले. माझंही डोकं फिरलं होतं, पण खरं सांगतो, मनातल्या मनात मी त्या चोराच्या पाया पडलो.

दुसरी डबी मी तळ्याच्या कठड्याच्या दगडांत लपवली. ती कुणी नेली नाही. कुणीतरी दगडाने ठेचली. बाबा तिचे तुकडे रुमालात गोळा करून घेऊन आले, टेबलावर ठेवले आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. शिव्या नाहीत, काही नाही. जेवायला हाक मारली तर म्हणाले, "बघितलंस? म्हणून म्हणत होतो. कशाला." या वेळी तो प्रश्नसुद्धा नव्हता.

मी घाबरलो. आणि मी घाबरलो की माझ्या तोंडातून बढाई बाहेर पडते. "बाबा," मी म्हटलं, "आता अशी डबी लावतो, की चोर तिच्यासमोर हात धुवायला उभा राहील आणि कोरड्या हाताने परत जाईल."

लावलीच. पंपघराच्या मागच्या भिंतीत वीतभर पाइप घुसवला, त्याला जुना पितळी नळ लावला. एखाद्या नवरीला सजवावं तसा त्याला गंज चढवला. पाइप भिंतीत शिरून तिथेच संपत होता. नळाची मान उलटी फिरवली की सगळा नळ हातात यायचा आणि मागे डबी. बाबा बाकावर बसून "जरा डावीकडे", "तिरका दिसतोय" अशा सूचना देत होते. मी त्यांचं गिऱ्हाईक असल्यासारखं!

डबीत त्यांनी दुकानातली उरलेली बटणं भरली आणि चिठ्ठी ठेवली: एक घ्या, एक ठेवा. सगळ्यात शेवटी खिशातून एक मोठं लाल बटण काढलं. आईच्या स्वेटरचं. या खेळात वस्तू एका डबीतून दुसऱ्या डबीत जात जात गावोगाव फिरतात, हे भाचीने त्यांना सांगितलं होतं. आईला फिरायची भारी हौस. बाबा दर वेळी म्हणायचे, हातातले कपडे संपू देत, मग जाऊ. कपडे कधी संपले नाहीत.

"ती नाही गेली," बाबा म्हणाले. "बटण तरी जाऊ दे."

मी नळ घट्ट केला. पुष्कळ वेळ घट्ट करत राहिलो.

त्यानंतर बाबा रोज त्या बाकावर. फोन घेतलेली माणसं यायची, डबी सापडली की पोरांसारखी नाचायची. पण बागेत चालायला येणारी तहानलेली माणसंही यायची. कित्येक वर्षं ही मंडळी तुमच्याकडे एक नळ मागत होती, साहेब. त्यांना वाटलं, आला एकदाचा. फिरवायचे, हवा खायचे, आणि बाबांना विचारायचे, हा बंद का?

आता खरं सांगितलं तर डबीचं गुपित फुटणार. म्हणून बाबा गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "बिघडलाय. तक्रार द्या." आणि नुसतं सांगितलं तर संशय येईल, म्हणून स्वतः त्यांना घेऊन तुमच्या कचेरीत जायचे आणि पहिली सही स्वतः ठोकायचे. ज्या माणसाला मी घराच्या पायऱ्या उतरवू शकलो नव्हतो, तो तुमचे जिने चढत होता! मला याचा पत्ता नाही. घरी फक्त "डबी ठीक आहे" एवढाच अहवाल.

एका सकाळी बाबा दारात उभे. "अरे, आपल्या नळाला पाणी आलं."

मी हसलो. म्हटलं, बाबा, त्याच्यामागे पाइपच नाही. बाबांनी हात पुढे केला. बाही कोपरापर्यंत भिजलेली.

मी धावत गेलो. भिंतीवर नवा पाइप, नवा चकचकीत नळ, खाली बादलीभर पाण्यात दोन चिमण्या आंघोळ करत होत्या. माझा पितळी नळ नाही, डबी नाही. बाबा मागून आले, भिंतीला हात टेकला आणि एवढंच म्हणाले, "बटण."

मी त्यांना घेऊन तुमच्या कचेरीत आलो ते भांडायलाच. तुमच्या कारकुनाने शांतपणे तक्रारींचा गठ्ठा पुढे सरकवला. प्रत्येकीवर पहिली सही बाबांची. मी बाबांकडे पाहिलं. बाबा पंख्याकडे पाहत होते.

"नाहीतर त्यांना संशय आला असता," ते म्हणाले.

कारकून म्हणाला, चोरीची तक्रार घेतो की. फक्त लिहून द्या, की सरकारी भिंतीवर विनापरवाना नळ तुम्ही लावला होता. मग आमची दुरुस्तीही विनापरवाना ठरते, नियमाने आधी आताचा नळ काढावा लागेल. तेवढ्यात बागेत चालायला येणारी मंडळी दारातून आत आली. बाबांचे आभार मानायला आली होती, हातात भरलेल्या बाटल्या. माझं तोंड उघडं होतं, ते मी मिटलं. हे सहसा घडत नाही, बायकोला विचारा.

"नळ राहू द्या," बाबा म्हणाले. "तो बसवायला कोण आलं होतं, तेवढं सांगा."

मागच्या अंगणात तुमच्या फिटरबाई सायकलला पेटी बांधत होत्या. अंगात निळा डगला. बाबांनी चेहऱ्याकडे पाहिलंच नाही, शिंप्याचा डोळा आधी कापडावर जातो. सगळी बटणं पांढरी आणि खिशावर एक लाल, काळ्या दोऱ्याने, वाकडं शिवलेलं.

मी तोंड उघडणार, तोच बाबांनी माझा दंड धरला आणि विचारलं, "हे बटण कुठून आणलंत, बाई?"

"नळामागे डबी होती, काका. खिशाचं बटण तुटलेलं, पेचकस सारखा पडायचा. आत चिठ्ठी होती, एक घ्या, एक ठेवा. मी एक घेतलं. डबी भिजली असती म्हणून पंपघरात खुंटीला अडकवलीय, त्या पितळी नळासकट."

"आणि ठेवलंत काय?"

आम्ही दोघं डोक्याने जरा कमी असल्यासारखं त्यांनी आमच्याकडे पाहिलं.

"नळ."

बाबांनी पेटी बांधलेल्या सायकलकडे पाहिलं. मग विचारलं, "तुम्ही फिरता कुठे कुठे?"

"जिथे पाणी नाही तिथे. टेकडीपलीकडे, नदीच्या वरच्या अंगाला, पार धरणापर्यंत. एका जागी बूड टेकत नाही, बघा."

"डगला काढा," बाबा म्हणाले. शिंप्याच्या कॉलरमागे सुई दोरा असतोच. उलट्या बादलीवर बसून त्यांनी ते बटण उसवलं, सरळ लावलं, चारचारदा दोरा फिरवला आणि दाताने तोडला. "आता धरणापर्यंत पडायचं नाही."

तर साहेब, माझा आरोप कायम आहे, पण आभारही लिहून घ्या. पहिल्या चोराचे, दगड मारणाऱ्याचेही, त्याने ठेचली नसती तर नळ झाला नसता. फिटरबाईंचे तर आयुष्यभर. आमच्याकडे ती खुर्ची आता कपडे वाळत घालायला वापरतात. बाबा बाकावर असतात, डबी बाकाखाली, आणि चोराची काय बिशाद आहे.

पण मला उत्तर हवंय. तोच नळ लोकांनी अर्ज करकरून मागितला तेव्हा तुम्ही ढिम्म हलला नाहीत. मी खोटा लावला तर आठवड्यात खरा करून दिलात. तर आमच्या गल्लीच्या वळणावर दिवा नाही, तिथे मी एक फुटका दिवा टांगू का? ओढ्यावर पूल नाही, तिथे मोडका कठडा उभा करू का? काय काय खोटं लावायचं ते लेखी कळवा, सामान माझ्याकडे आहे.

आणि एक. बाबांना आता तक्रारीची चटक लागली आहे. आमच्या स्वयंपाकघरातल्या नळाचा अर्जही त्यांनी तुमच्याच कचेरीत दिलाय, आणि तुमचं उत्तर येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, अशी मला ताकीद आहे. बायको माझ्याकडे बघते, मी नळाकडे बघतो. तेव्हा साहेब, तेवढं लवकर सांगा: फिटरबाई येणार आहेत, की मलाच करावा लागेल?