कार्डधारकाची म्हैस

सन २००३च्या श्रावणात कोडोलीचे गणपतराव आणि अमेरिका यांचे संबंध बिघडले. चूक अमेरिकेची होती. गणपतरावांची मुलगी वर्षाराणी, दुग्धशास्त्रात एम.एस्सी., नवऱ्याबरोबर तिकडे गेली होती. एका डेअरीच्या प्रयोगशाळेनं तिला नोकरी देऊ केली आणि तिथल्या कायद्यानं ती अडवली.

"आण्णा, मी ह्यांच्या व्हिसावर आलेय," ती फोनवर सांगत होती. "मला अवलंबित म्हणत्यात. अवलंबितानं घरात बसायचं, नोकरी करायची न्हाय."

"म्हंजे शिकलीस तू आनि कागद जावयाच्या नावावर?" गणपतराव उसळले. एवढी हुशार पोरगी सातासमुद्रापार भांडी घासत बसली आहे, हे त्यांना सहन होईना.

गणपतराव गावच्या दूधसंस्थेचे चेअरमन. आमच्याकडे माणसाला राग आला की तो आधी सभा बोलावतो. त्यांनीही बोलावली. ठराव झाला : 'काम करणाऱ्या बाईचे नाव कागदावर नसणे ही संस्था अन्याय समजते. अमेरिकेने तातडीने दुरुस्ती करावी.' सूचक, अनुमोदक, टाळ्या, चहा, भडंग. सचिव ज्ञानूनं एक प्रत वकिलातीला धाडली आणि एक संस्थेच्या फळ्यावर डकवली.

फळ्यावर डकवणं अंगाशी आलं. संस्थेत दूध घालायला बायकाच येत, दुधाचे पैसे मिळायचं कार्ड मात्र नवऱ्यांच्या नावावर असे, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींना आता वाचता येत होतं. चेअरमनच्या पत्नी बायडाबाई यांनी दुसऱ्याच दिवशी अर्ज दिला : 'आमच्या मैना म्हशीची धार मी बावीस वर्षे काढते. दुधाचे कार्ड माझ्या नावावर करावे.' उत्कृष्ट दूध उत्पादकाचा फेटा मात्र पाच वर्षं गणपतरावांच्याच डोक्यावर चढत होता. फोटोत ते मैनेपासून सहा हात लांब उभे असत, कारण ती त्यांना ओळखत नव्हती.

अर्ज पडून राहिला. मग वकिलातीचं उत्तर आलं : मूळ व्हिसाधारकाचे कुटुंबीय कामास पात्र नाहीत. गणपतराव तीन दिवस धुमसले. भाषा मात्र त्यांना आवडली. बायडाबाईंच्या अर्जावर त्यांनी ज्ञानूकडून शेरा लिहून घेतला : 'मूळ कार्डधारक हयात असून अर्जदार अवलंबित आहे. सबब अपात्र.' वर शिक्का.

बायडाबाईंनी कागद दोनदा वाचला आणि चरवी पालथी घातली.

"धार काढायची न्हाय व्हय?" गणपतरावांनी विचारलं.

"मी अपात्र हाय की. बेकायदा काम करून तुमच्या संस्थेला बट्टा लावू व्हय?"

ही बातमी घरोघर पोचली. दुसऱ्या दिवशी संस्थेत सात लिटर दूध आलं, तेही गावातल्या तीन विधुरांचं.

म्हैस सवयीच्या हातालाच पान्हवते. त्यावर जुना इलाज म्हणजे घरधनिणीचं लुगडं नेसून बसायचं. चेअरमन हिरवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन गोठ्यात शिरले. मैनेनं वास घेतला, मिशा पाहिल्या आणि चरवी लाथेनं उडवली.

संचालक मंडळाची तातडीची बैठक झाली. निम्मे संचालक लंगडत आले. कार्ड बदललं तर घरात पुरुषाची किंमत काय राहील, यावर दोन तास चर्चा होऊन तोडगा निघाला : बायकांना धार काढण्याचा तात्पुरता परवाना द्यावा. मुदत एक वर्ष, पतीच्या सहीनं. पहिला परवाना गणपतराव स्वतः घरी घेऊन आले.

"मला कशाला?" बायडाबाई म्हणाल्या. "मैनेला दाखवा. तिनं मानला तर मीबी मानीन."

तेवढ्यात गोठ्यातून मैना कळवळून ओरडली. बायडाबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. गणपतरावच उठले. संस्थेत जाऊन त्यांनी आपल्या हातानं नवं कार्ड लिहिलं. धारक : बायडाबाई. अवलंबित : गणपतराव. ते हातात पडल्यावर बायडाबाईंनी चरवी उचलली. आठवडाभरात गावातली बाकीची कार्डंही बदलली.

रविवारी वर्षाराणीचा फोन आला. "आण्णा, ठरावाचं काय झालं?"

"आपल्याकडं मंजूर झाला बाई," गणपतराव म्हणाले. "तिकडं म्हशी न्हाईत, त्याला मी काय करू?"

हे वाचून हसू आलेल्यांनी हातातला चहा जरा खाली ठेवावा. तो कुणी केला आणि घराचा कागद कुणाच्या नावावर आहे, एवढं बघून मग पुढं हसावं.