हंगामी आयरिश

सन १९३१ मध्ये बारामतीच्या कालवा-बंगल्यावर जो आयरिश बँड स्थापन झाला, त्यात सुरुवातीला आयरिश लोक होते. ही गोष्ट पुढे कोणालाच खरी वाटेनाशी झाली, म्हणून आधीच सांगून ठेवलेली बरी.

कालव्याचे कोनॉली साहेब बगलेतली पिशवी फुंकून-दाबून सूर काढीत, त्यांची मडम फिडल वाजवी, एक पाद्री पत्र्याची बासरी फुंकी आणि दौंडच्या गाडीचा गार्ड बकऱ्याच्या कातड्याचा डफ एका काडीने बडवी. वरून मंजुरी आली ती अशी : 'आयरिश, नग चार.' मंजुरी आली म्हणजे जागा निर्माण झाल्या. आणि जागा एकदा निर्माण झाली की माणूस जातो, जागा जात नाही.

पहिल्यांदा गार्डाची बदली झाली. हेडक्लार्क आबासाहेबांनी बाजारात चौकशी करून रसूलला बोलावून घेतलं. रसूल उरुसात डफ वाजवायचा आणि त्याला काडी लागत नसे. आबासाहेबांनी काडी 'बचत' या सदरात दाखवली आणि रसूलची नेमणूक केली : आयरिश, हंगामी. मग पाद्री विलायतेला गेला, त्याच्या जागी सुप्याचा कुंडलिक धनगर पावा घेऊन आला. मडम उन्हाला कंटाळून महाबळेश्वरी गेली ती गेलीच. तिच्या जागी निरवांगीचा भिमा तुणतुणं घेऊन रुजू झाला. फिडलला तारा चार, तुणतुण्याला एक. 'तीन तारा रिक्त' अशी नोंद झाली, आणि त्या भरण्याचा पत्रव्यवहार अजून चालू आहे. शेवटी साहेब स्वतःच पेन्शनीत निघाले. पिशवी वाजवणारं तालुक्यात कोणी नव्हतं, पण पिशवी ही प्रमुखाची जागा होती आणि कचेरीत सर्वांत ज्येष्ठ आबासाहेब होते. दर शनिवारी ते पिशवी बगलेत धरून मधोमध बसत. फुंकत नसत. त्यांच्यामुळे बँडला वजन येई.

रसूलचं मात्र सगळं गाडं 'हंगामी'पाशी अडलं होतं. इंदापूरच्या पेठेत अमजदचाचांचं बांगड्यांचं दुकान, आणि त्यांच्या लेकीशी, कमरजहाँशी, रसूलचं लग्न ठरल्यात जमा. पण चाचांनी पहिल्याच बैठकीत सुनावलं होतं, "हंगामी मानसाला मी म्हैस बी देनार न्हाय. कायम हो, मग ये." याला पाच वर्षं झाली. कमरजहाँने दोन चांगली स्थळं परतवली होती. आता डाळजचं तिसरं दारात होतं, आणि ते आपल्याने परतवलं जाणार नाही असा तिचा निरोप आला होता.

कायम होण्याचा नियम साधा होता. हंगामी इसम खरोखर आयरिश असल्याची खात्री सक्षम आयरिशाने करावी. अडचण इतकीच, की तालुक्यात सक्षम आयरिश एकही उरला नव्हता.

अडतीसच्या थंडीत तपासणीला रायन साहेब आले, ते नेमके आयरिश निघाले. इंदापूरच्या डाकबंगल्यावर बँड वाजला. साहेबांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं आणि परीक्षा देऊन शिकलेल्या मराठीत विचारलं, "फार सुंदर. हे संगीत कोणत्या देशाचे?"

 आबासाहेबांनी पिशवी खाली ठेवून नियम वाचून दाखवला. साहेब म्हणाले, आयरिश मी आहे, या मंडळींपैकी कोणी दिसत नाही.

"हुजूर असतील," आबासाहेब अदबीने म्हणाले, "पण दप्तरात आयरिश चार. त्यात हुजूर नाहीत."

हुजूरांची दप्तरात नोंद करायची तर त्यांचीही खात्री आयरिशानेच करायला हवी. आणि कायम इसम जागेवर नसल्यास ज्येष्ठ हंगामीने सही करावी, असा पोटनियम होता. नेमणुकीच्या तारखेने ज्येष्ठ रसूल. साहेबांनी निमूटपणे खिशातून पत्र्याची बासरी काढली आणि आपल्या गावची एक चाल वाजवली. रसूलने ती मान तिरकी करून ऐकली.

"हात ग्वाड हाय," तो म्हणाला, "पर आमच्या चालीला धरून न्हाय. सध्या हंगामी म्हून घ्या."

त्याने सही केली. नोंद होताच साहेब सक्षम झाले आणि त्यांनी, चहा संपेपर्यंत हसून घेऊन, रसूलला कायम केलं.

हुकूम घेऊन रसूल तडक पेठेत गेला. चाचांनी तो दोनदा वाचला. "रसूल, आयरिश, कायम. म्हंजी तू हितला न्हाईस." त्यांनी हुकमाची घडी करून परत दिली. "परमुलखात पोरगी द्यायची न्हाय आमच्यात. हितलाच हायस असा दाखला आन."

रसूल पाटलांकडे गेला. पाटील म्हणाले, तुझा पणजा माझ्या पणज्याच्या मांडीला मांडी लावून बसायचा. पण तू इथला असं लिहून देणारा आधी इथला पाहिजे. ते आपली सनद काढायला उठले. सनदेत स्वच्छ लिहिलं होतं, की हे घराणं वरच्या मुलखातून आणून बसवलेलं आहे. त्या दिवसापासून पाटील रसूलला टाळू लागले. बातमी फुटली, आणि जो तो आपापली पेटी उपसू लागला.

चाचा निश्चिंत होते. बांगड्या लावता लावता, मान वर न करता कमरजहाँने विचारलं, "अब्बा, तुमी तरी हितलं हायसा ह्याचा कागद कुठं हाय?"

तीन दिवस दुकान उघडलं नाही. ट्रंकेच्या तळाशी आजोबांचा एक कागद सापडला, त्यावर गाव नगरकडचं. चौथ्या दिवशी चाचांनी रसूलला बोलावणं धाडलं. "आता कुनाला काय इचारायचं," एवढंच ते म्हणाले.

काझींनी वहीत लिहिलं : वर, राहणार बारामती, हंगामी. वधू, राहणार इंदापूर, हंगामी. साक्षीदार, हंगामी. सरकारी हुकमाने कायम असा त्या मांडवात एकच इसम होता, तो नवरदेव, आणि तो आयरिश होता.

वाचकांना हसू आलं असेल तर हरकत नाही. फक्त पुढचं हसण्याआधी घरातली पेटी उघडून आपला कागद तेवढा पाहून घ्यावा. नाहीच सापडला तर निराश होऊ नये. आबासाहेब पेन्शनीत गेल्यापासून पिशवी धरण्याची जागा रिकामी आहे. फुंकावं लागत नाही.