आडवे आडे सर

पर्यावरण दिनाला आमच्या कॉलेजात वृक्षारोपणाचा खड्डा तयार होता, हार-नारळ तयार होते, पाहुणे गाडीतून उतरत होते आणि खड्ड्यात आडे सर मांडी घालून बसले होते.

"सर, वर या," प्राचार्य दात-ओठ खात हळूच म्हणाले.

"नाही येत. ह्याच खड्ड्यात चार वर्सांत चार झाडं मेली. उन्हाळ्यात एकानं तांब्याभर पानी टाकलं नाही. पाचवं लावाचंच असन तं माह्यावर माती लोटा न् काढा फोटो!"

शेवटी तीन हातांवर घाईघाईने नवा खड्डा खणला. त्या फोटोत पाहुणे आहेत, प्राचार्य आहेत, गुलमोहराचं रोप आहे आणि खालच्या कोपऱ्यात, जमिनीतून उगवल्यासारखं, आडे सरांचं टक्कल आहे. वार्षिक अंकात छापताना ते टक्कल कसं कापायचं यावर संपादक मंडळाची बैठक झाली. चहासुद्धा झाला.

सर यवतमाळला आमच्या कॉलेजात पर्यावरणशास्त्र शिकवायचे. दिग्रसकडच्या तांड्यावरचे, घरची बोली बंजारा, बाहेर वऱ्हाडी, राग मात्र सगळीकडे एकच. नावाचे आडे, स्वभावाचे आडवे, असं स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं आणि ते चिकटलं. मी तिथे ग्रंथपाल. आमच्या घरातल्या तीन पिढ्या कचेरीत गेलेल्या, त्यामुळे आवाज न चढवता नोकरी कशी टिकवायची हे मला लहानपणापासून येतं. सर वाचनालयाच्या पायऱ्या चढताना दिसले की मी आधी खिडक्या लावून घ्यायची.

पर्यावरण हा विषय सगळ्यांना सक्तीचा, म्हणून कुणालाच नको असलेला. मुलं मागच्या वर्षीच्या वहीवरून दहा पानं उतरवायची, वर बर्फातल्या पांढऱ्या अस्वलाचं चित्र चिकटवायची आणि पास व्हायची. सरांनी पहिल्याच वर्षी अख्खा गठ्ठा परत केला. वर्ग माझ्या भिंतीला लागूनच, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं.

"पांढरं अस्वल कुठं पाह्यलं व तू? दिग्रसच्या बसस्टँडवर?"

"नाही सर."

"फवारणीची बाटली पाह्यली का घरी?"

"पाह्यली."

"काय लिवलं हाये तिच्यावर?"

मुलीच्या वहीची पानं नुसती फडफडली.

"आता काहून गप्प? तुहा बाप रोज ते जहर पाठीवर घेऊन फिरून राह्यला न् तू मले अस्वल दाखवून राह्यली!"

मग त्यांनी नवा प्रकल्प दिला. बाटलीला हात लावायचा नाही. दुकानातून तिच्यासोबतचा माहितीचा कागद मागून आणायचा आणि त्यावरचं सगळं आईला कळेल अशा मराठीत उतरवायचं. दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग माझ्यापुढे भिंग मागायला उभा. वाचनालयात भिंग एकच, तेही तडा गेलेलं.

"सर, भिंगातूनही दिसत नाही," एक मुलगा रडकुंडीला येऊन म्हणाला.

"मंग तेच लिव. भिंगातूनही दिसत नाही, असं लिव न् खाली सही ठोक. हाच तुहा प्रकल्प!"

त्याला त्यांनी पैकीच्या पैकी गुण दिले. प्राचार्यांनी जाब विचारला. सर म्हणाले, "अख्ख्या कॉलेजात येकानंच खरं लिवलं. कमी कसे देऊ?"

पुढच्या वर्षी कापूस माणसाच्या डोक्यावर गेला. बोंडअळी कशालाच जुमानेना, म्हणून औषधात औषध मिसळून फवारणी चालली. उंच पऱ्हाटीत शिरलेल्या माणसाच्या तोंडावरच ते उडायचं. मजूर शेतात पडू लागले. कुणाची नजर गेली, कुणी घरी आलाच नाही. मोठ्या दवाखान्यात खाटा पुरेनात.

आणि आमच्याकडे त्याच महिन्यात 'शाश्वत विकास' या विषयावर परिसंवाद होता. मंचावर प्लास्टिकच्या बाटल्यांतलं पाणी, मागे प्लास्टिकचा फलक. फलकाचा आणि जेवणाचा भार उचलणारे पाहुणे शेतीऔषधांचे बडे व्यापारी.

"मूळ प्रश्न अज्ञानाचा आहे," ते म्हणाले. "ही माणसं सूचनाच वाचत नाहीत."

आडे सर उठले. थेट मंचावर गेले, खिशातून औषधाच्या बाटलीसोबतचा घडी घातलेला कागद काढला आणि त्यांच्यापुढे पसरला.

"वाचा साहेब. मोठ्यानं."

पाहुण्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. कागद लांब धरला, मग दिव्याकडे धरला. "जरा बारीक आहे," ते हसून म्हणाले.

"तुमी तं अज्ञानी नाही ना? थंड हवेत बसून तुमाले दिसत नाही, तं घामानं चरचरणाऱ्या डोळ्याईले कसं दिसन?"

मागच्या बाकांवरून टाळ्या सुरू झाल्या. पुढच्या रांगेत मी होते. माझे हात मांडीवरच राहिले.

तिसऱ्या दिवशी प्राचार्यांनी एक कागद फिरवला: 'पाहुण्यांशी असभ्य वर्तन व परिसंवादात गोंधळ.' प्रत्यक्षदर्शींनी सह्या करायच्या होत्या. गोंधळ झालाच नव्हता. एका माणसाला फक्त वाचायला सांगितलं होतं. हे ठाऊक असून मी सर्वांच्या खाली, सुबक अक्षरात, सही केली. सरांकडून विषय काढला, इंग्रजीच्या प्राध्यापकांना दिला. पांढरी अस्वलं परत आली. सरांना परीक्षेच्या बाकांवर नंबर टाकायचं काम मिळालं.

प्राचार्यांवर नाही, स्वतःवर मला इतका संताप आला की जेवण गोड लागेना. सर रोज तीन वाजता निघून जायचे. पुढाऱ्याकडे जातात, असं स्टाफरूमचं मत. शिपायाला विचारलं, तर तो म्हणाला, "दवाखान्यात जाते ते, मॅडम." आठवड्याने मी धीर केला आणि गेले.

फवारणीच्या रुग्णांचा वॉर्ड. विषानं काहीजण भ्रमात गेलेले. हातपाय झाडायचे, सलाइन उपटायचे, म्हणून काहींचे हात पट्टीने खाटेला बांधलेले. शेवटच्या खाटेजवळ सर स्टुलावर बसले होते. एका हाडकुळ्या माणसाचा हात दोन्ही हातांत धरून काहीतरी हळू आवाजात बोलत होते. सरांचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"नातेवाईक आहेत का तुमचे?"

"नाही. याच्यासंगं कोनीच नाही. कोनी हात धरून बसलं का शिस्टर बांधत नाही. म्हून बसतो."

"सर, त्या कागदावर मीपण सही केली."

"पाह्यली. लय सुंदर अक्षर हाये तुमचं." ते माझ्याकडे बघतही नव्हते. रागावलेही नव्हते, ते जास्त लागलं. मग त्यांनी मानेने पलीकडची खाट दाखवली. "त्या पोराची बायको औषध आनाले गेली. ते येईस्तोवर त्याचा हात धरता का? नाही तं बांधतीन."

मी बसले. डोळ्यांवर पट्टी असलेला विशी-पंचविशीचा तरुण. त्याचा हात तापलेला, खरखरीत होता. त्याने माझी बोटं घट्ट आवळली आणि पुटपुटला, "याडी... याडी..."

मी सरांकडे पाहिलं.

"आई म्हनते तो," सर म्हणाले. "हो म्हना."

मी म्हणाले, "हो."